डोंगराची उभारी आणि शासनाचे कर्तव्य : मध्य प्रदेश शासनास खुले पत्र

प्रति,
मा. मुख्य सचिव,
मध्य प्रदेश शासन, वल्लभ भवन, भोपाळ.

विषय : भोपाळ परिसरातील दगडखाणींनी उघड्या पडलेल्या डोंगरांचे पुनरुज्जीवन

महोदय,

भोपाळ ज्या टेकड्यांवर वसले आहे आणि रायसेन, सिहोर व विदिशा या जिल्ह्यांतून ज्या डोंगररांगा पुढे पसरतात, त्यांचा बराचसा भाग विंध्य समूहाच्या वालुकाश्माचा आहे. म्हणजे अतिप्राचीन उथळ समुद्रांच्या तळाशी वाळूचे थर साचून आणि दाबाने घट्ट होऊन सुमारे शंभर कोटी वर्षांपूर्वी बनलेल्या खडकाचा. काही ठिकाणी या वालुकाश्मावर दख्खनच्या काळ्या पाषाणाचे थर येऊन बसले आहेत. सांचीच्या स्तूपांपासून आजच्या रस्त्यांपर्यंत या प्रदेशातील बांधकामाला या डोंगरांनीच दगड पुरवला, आणि आजही फरशी, खडी व मुरूम यांसाठी तेच फोडले जातात. दगडाची गरज खरी आहे, खाणीवर पोट असलेल्या मजुरांची गरज त्याहूनही खरी आहे, आणि म्हणून सर्व खाणी बंद कराव्यात अशी मागणी या पत्रात नाही. खाणकाम थांबल्यावर डोंगर आपोआप हिरवा होतो, या अर्धसत्यावर विसंबून जे निर्णय घेतले जातात त्यांचा फेरविचार व्हावा, एवढ्यासाठी हे पत्र आहे. डोंगराला पुन्हा उभारी धरण्याचे सामर्थ्य असते हे निर्विवाद आहे. परंतु ते माती, बीज, मुळे, पाणी आणि सवड या पाच गोष्टींवर अवलंबून असते, आणि खाण खणण्याच्या आजच्या रीतीत यांतील एकाचाही हिशेब पुरेसा ठेवला जात नाही.

पत्र मराठीत लिहिण्यालाही कारण आहे. भोपाळ, इंदूर, उज्जैन आणि ग्वाल्हेर येथे मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत, आणि या डोंगरांची जगाला ओळख करून देणारे डॉ. विष्णु श्रीधर वाकणकर याच समाजातले होते. नीमच येथे जन्मलेल्या आणि उज्जैनला आयुष्य वेचलेल्या या संशोधकाने १९५७ मध्ये भीमबेटकाच्या शैलाश्रयांचा, म्हणजे निसर्गतः कोरल्या गेलेल्या आणि प्रागैतिहासिक चित्रांनी भरलेल्या खडकातील निवाऱ्यांचा, शोध लावला. २००३ मध्ये युनेस्कोने त्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला, आणि डिसेंबर २०२४ मध्ये त्याच परिसरातील रातापानी अभयारण्य व्याघ्र प्रकल्प घोषित झाल्यावर राज्य शासनाने त्याला वाकणकरांचे नाव दिले. ज्या शासनाने हा मान दिला, त्याच शासनाकडे वाकणकरांच्या डोंगरांविषयी मागणे मांडणे उचित आहे.

भोपाळला उभारीचे उदाहरण शोधण्यासाठी दूर जावे लागत नाही. मोठ्या तलावाच्या काठावरील ज्या टेकडीवर आज वनविहार राष्ट्रीय उद्यान आहे, तिच्या बाजूंवर एके काळी बेकायदा दगडखाणी चालत असत, आणि तलावाकाठच्या त्या मोलाच्या जमिनीवर अनेकांचा डोळा होता. १९८३ मध्ये सुमारे ४४५ हेक्टर क्षेत्राला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला, खाणी थांबल्या, कुंपण झाले, चराई आणि तोड बंद झाली, आणि पाहता पाहता गवत, झुडपे व शुष्क पानझडी वृक्ष यांचे आच्छादन परतले. आज तेथे चितळ, सांबर आणि नीलगाय मोकळे फिरतात, आणि राजधानीतील नागरिक जे रान पाहायला जातात त्याच्या काही भागाखाली खाणीच्या जुन्या जखमा आहेत हे त्यांच्या ध्यानातही येत नाही. शासनाने एका टेकडीच्या बाबतीत योग्य वेळी योग्य निर्णय घेतला, त्याचे हे फळ आहे, आणि त्याचे श्रेय मोकळेपणाने दिले पाहिजे.

मात्र ही टेकडी का सावरली, हे नीट पाहिले नाही तर तिच्यापासून चुकीचा धडा घेतला जाईल. तेथे टेकडीच्या बाजू खणल्या गेल्या होत्या, सबंध टेकडी सोलली गेली नव्हती. उरलेल्या भागावर माती होती, त्या मातीत मुळे व बीज जिवंत होते, आणि खाण थांबल्यानंतर त्यांना चार दशकांची अखंड सवड मिळाली. हे सारे जेथे नसते तेथे काय होते, याचा पुरावा भोपाळपासून तासाभराच्या अंतरावर भोजपूर येथे उघड्यावर पडलेला आहे. अकराव्या शतकात राजा भोजाच्या काळी सुरू झालेले आणि अपूर्ण राहिलेले तेथील शिवमंदिर प्रसिद्ध आहे. त्याच्या भोवतीच्या खडकात त्या काळची दगडखाण आहे, अर्धवट घडवलेले शिल्पखंड तेथेच पडून आहेत, आणि सपाट खडकावर स्थपतींनी कोरलेले मंदिराचे आराखडे आजही दिसतात. इतिहासाच्या अभ्यासकाला हा ठेवा अमोल आहे. परिस्थितिविज्ञानाच्या, म्हणजे सजीव आणि त्यांचा परिसर यांच्या संबंधांच्या शास्त्राच्या, दृष्टीने मात्र त्यातून एक गंभीर मापही हाती येते: सुमारे हजार पावसाळे होऊन गेले तरी उघड्या वालुकाश्मावरची छिन्नीची रेघ पुसली गेलेली नाही. खडकाच्या भेगांत झाडे उगवतात हे खरे, परंतु सलग उघड्या फरशीवर माती परत येण्याचा काळ माणसाच्या कोणत्याही योजनेत बसत नाही, कारण एक सेंटिमीटर माती घडायलाही निसर्गाला शतके लागतात.

वनविहार आणि भोजपूर यांच्यामध्ये जो फरक आहे तो समजून घेण्यासाठी निसर्ग उघड्या जागेवर कसा परततो हे पाहावे लागते. शास्त्रज्ञ या प्रक्रियेला अनुक्रमण म्हणतात. म्हणजे एकामागून एक येणाऱ्या जीवसमूहांनी जागा पुढच्यासाठी तयार करत जाणे. कोऱ्या खडकावर प्रथम दगडफूल येते, नंतर शेवाळ येते, त्यांच्या अवशेषांत आणि वाऱ्याने आणलेल्या धुळीत एखादी भेग भरते, तीत कुसळीसारखे चिवट गवत मूळ धरते, आणि पुष्कळ काळाने झुडपाला व झाडाला पुरेल एवढी ओल तेथे टिकू लागते. जेथे माती थोडी तरी शिल्लक असते तेथे हा लांबचा रस्ता टाळता येतो. पळस आणि टेंभुर्णी यांची मुळे जमिनीत जिवंत असली तर त्यांना धुमारे फुटतात, साग बुंध्यापासून पुन्हा फुटतो, मातीत निपचित पडलेले बीज पहिल्या पावसात रुजते, आणि जवळ रान असेल तर पक्षी, वटवाघळे व वारा उरलेले बीज आणून टाकतात. भोपाळला वर्षाकाठी सुमारे अकराशे मिलिमीटर पाऊस पडतो, पण तो जवळजवळ सगळा पावसाळ्याच्या चार महिन्यांत येतो. तो धरून ठेवणारा मातीचा थर नसेल तर पाणी उताराने निघून जाते आणि उरलेले आठ महिने रोपाला कोरड्यात काढावे लागतात. म्हणून मातीचा वरचा वीतभर थर हाच डोंगराच्या उभारीचा खरा आधार आहे.

त्या थरात केवळ खनिज कण नसतात. वनस्पतींच्या मुळांशी सहजीवन करून त्यांना पाणी व स्फुरद मिळवून देणारी बुरशी, जिला मायकोरायझा म्हणतात, त्यात असते. हवेतील नत्र जमिनीत आणणारे जिवाणू शेंगावर्गीय झाडांच्या मुळांवरील गाठींत असतात. आणि पालापाचोळा कुजवून त्याचे अन्न करणाऱ्या असंख्य सूक्ष्मजीवांचा तेथे निवास असतो. दुधाला विरजण लागते त्याप्रमाणे ओसाड ढिगाऱ्याला या जिवंत मातीचा थोडासा अंश लागतो, आणि तो मिळाला नाही तर वर कितीही रोपे लावली तरी खालची जमीन जमीन होत नाही. खाण सुरू करताना हा थर मुरमाबरोबर एकत्र उपसून ढिगाऱ्यात गाडला जातो, किंवा उंच राशींत वर्षानुवर्षे पडून निर्जीव होतो. डोंगराचे सर्वांत मोठे नुकसान सुरुंगाच्या स्फोटाआधीच, पहिल्या दिवसाच्या या निष्काळजी उपशात, झालेले असते.

या राज्यातच याचा पद्धतशीर अभ्यास झालेला आहे. सिंगरौलीच्या जयंत येथील उघड्या कोळसाखाणीत कोळशावरची माती व खडक काढून त्यांचे मानवनिर्मित डोंगर उभे राहिले. बनारस हिंदू विश्वविद्यालयातील प्रा. जे. एस. सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून तेथील वेगवेगळ्या वयांच्या ढिगाऱ्यांची तुलना केली. ढिगाऱ्याचे वय वाढते तसे त्यावरील वनस्पतींचे आणि मातीतील सूक्ष्मजीवांचे प्रमाण वाढते, हा त्यातील आशेचा भाग होता. वीस वर्षांनंतरही तेथील माती शेजारच्या नैसर्गिक वनाच्या मातीपेक्षा बरीच मागे राहते, हा सावध करणारा भाग होता. पुढील प्रयोगांत शिरीषासारख्या देशी शेंगावर्गीय वृक्षांखाली जमीन अधिक लवकर सुधारते असेही दिसून आले. माणसाचा विचारपूर्वक हातभार निसर्गाचा वेळ वाचवू शकतो, परंतु गमावलेल्या मातीची पूर्ण भरपाई तो एका पिढीत करू शकत नाही, असा या अभ्यासांचा अर्थ आहे.

यापुढचा मुद्दा शासनाने विशेष लक्षात घ्यावा, कारण त्यातच सर्वाधिक गैरसमज आहे. कॅनडातील परिस्थितिवैज्ञानिक सी. एस. हॉलिंग यांनी १९७३ मध्ये उभारीच्या सामर्थ्याची जी मांडणी केली, तिच्यानुसार प्रत्येक परिसंस्था काही मर्यादेपर्यंत आघात सोसून आपले रूप टिकवते, आणि ती मर्यादा ओलांडली गेली की ती दुसऱ्याच रूपात स्थिरावते, जेथून तिला परत आणणे फार कठीण असते. भोपाळच्या आसपास हे दुसरे रूप ओळखणे अवघड नाही. जुन्या खाणींच्या ढिगाऱ्यांवर घाणेरी आणि वेडी बाभूळ यांसारख्या परदेशी, आक्रमक झुडपांचे जाळे माजते, त्याखाली गवत वाढत नाही, गुरांना चारा मिळत नाही, आणि देशी झाडांच्या रोपांना सूर्यप्रकाश मिळत नाही. उपग्रहाच्या चित्रात अशी जागा हिरवीच दिसते. म्हणूनच हिरवा रंग हे डोंगर सावरल्याचे प्रमाण मानता येत नाही, आणि लावलेल्या रोपांची संख्या तर मुळीच नाही.

देशातील इतर अनुभवही हेच सांगतात. मसुरीच्या डोंगरांत आणि त्यांच्या पायथ्याच्या दून खोऱ्यात चुनखडीच्या खाणींनी उतार उघडे पाडले होते. १९८३ मध्ये प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, १९८५ मध्ये न्यायालयाने अनेक खाणी बंद करण्याचा आदेश दिला, आणि गढवाल रायफल्सशी संलग्न असलेल्या, १९८२ मध्ये उभारलेल्या प्रादेशिक सेनेच्या इको टास्क फोर्सने त्या उतारांवर बंधारे, गवत आणि झाडे यांचे काम नेटाने केले. तेथे खाण थांबवणे, माती अडवणे आणि राखण करणे ही तीन कामे एकत्र झाली म्हणून यश आले. गोव्यात मात्र लोहखनिजाच्या कित्येक ढिगाऱ्यांवर झटपट वाढणारी ऑस्ट्रेलियन बाभूळ एकसुरी लावली गेली. ढिगारे झाकले गेले, पण अनेक जागी तिच्या जाड पाचोळ्याखाली सह्याद्रीचे रान परत आले नाही. अमरकंटकचा धडा आणखी निराळा आहे. तेथे मैकल डोंगराच्या माथ्यावरील जांभ्याचा थर पावसाचे पाणी मुरवून नर्मदा, सोन आणि जोहिला यांच्या उगमांना सावकाश पुरवतो, आणि बॉक्साइट नेमके त्याच थरात असते; म्हणून तेथे खनिज काढणे म्हणजे नद्यांची पाण्याची साठवण काढून नेणे होय, आणि कोणतेही वृक्षारोपण ती साठवण परत बांधून देऊ शकत नाही.

कायद्याच्या बाजूने पाहता या विषयात राज्य शासनाचे हात बांधलेले आहेत असे म्हणता येत नाही. खाणी व खनिजे (विकास व विनियमन) अधिनियम, १९५७ च्या कलम १५ नुसार गौण खनिजांचे, म्हणजे इमारतीचा दगड, खडी, मुरूम, वाळू यांचे, नियम करण्याचा अधिकार राज्यांना आहे, आणि मध्य प्रदेशाचे गौण खनिज नियम १९९६ पासून अस्तित्वात आहेत. २०१२ मध्ये दीपक कुमार प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने पाच हेक्टरांहून लहान पट्ट्यांनाही पर्यावरणीय मंजुरी आवश्यक ठरवली, कारण लहान खाणींची बेरीज मोठी असते. ८ जानेवारी २०२० रोजी त्याच न्यायालयाने, खाणकाम संपल्यावर पट्टेदाराने जमिनीवर पुन्हा गवत वाढवून ती चारा, वनस्पती आणि प्राणी यांना योग्य करावी, अशी अट पट्ट्यांत घालण्याचे निर्देश केंद्र शासनाला दिले. न्यायालयाने झाडांआधी गवताचा विचार केला, यात शास्त्राची मोठी समज आहे. २०१५ पासून जिल्हा खनिज प्रतिष्ठानांच्या रूपाने खाणबाधित क्षेत्रांसाठी स्वतंत्र निधीही उपलब्ध आहे. अधिकार, आदेश आणि पैसा ही तीनही साधने हाताशी असताना उरते ती इच्छाशक्ती.

या सर्व विवेचनाच्या आधारे शासनाकडे पुढील मागण्या आग्रहाने मांडल्या जात आहेत. पहिली मागणी अशी की, प्रत्येक दगडखाणीच्या पट्ट्यात वरची माती वेगळी काढून कमी उंचीच्या राशींत ठेवणे, तिच्यावर गवत राखणे आणि शक्य तितक्या लवकर, पावसाळ्यापूर्वी, ती संपलेल्या भागावर पसरणे ही बंधनकारक आणि तपासली जाणारी अट असावी. माती गमावणाऱ्या पट्टेदाराची अनामत जप्त व्हावी. दुसरी अशी की, प्रत्येक पट्ट्याच्या आत व भोवती मूळच्या रानाचा एक सलग तुकडा अस्पर्श ठेवावा, कारण बीज तेथूनच येणार आहे. तिसरी मागणी लागवडीच्या क्रमाची आहे: प्रथम कुसळी, मारवेल यांसारखी स्थानिक गवते आणि देशी शेंगावर्गीय वनस्पती, मग पळस, धावडा, सालई यांसारखी या खडकाळ जमिनीची सवय असलेली झाडे, आणि आक्रमक परदेशी झुडपांची नियमित छाटणी.

चौथी मागणी मोजमापाची आहे आणि ती सर्वांत महत्त्वाची आहे. पुनरुज्जीवनाचे यश लावलेल्या रोपांच्या आकड्यावर मोजणे थांबवावे. दहा वर्षांनी त्या जागी कोणीही न लावलेली किती देशी रोपे उगवली, मातीत सेंद्रिय अंश किती वाढला, उतारावर पाणी किती मुरले, यांवर ते मोजावे. जी जागा स्वतःहून रोपे उगवू लागली तीच सावरली, बाकी सर्व देखरेखीखाली तग धरून आहे. भोपाळमध्ये भारतीय वन व्यवस्थापन संस्था आणि पर्यावरण नियोजन व समन्वय संघटना (एप्को) या दोन संस्था हे काम करण्यास समर्थ आहेत, आणि त्यांचे निष्कर्ष हिंदीत, ग्रामसभांना वाचता येतील अशा रीतीने, दरवर्षी प्रसिद्ध व्हावेत.

पाचवी मागणी माणसांविषयी आहे. ज्या गावांची गुरे या डोंगरांवर चरतात त्यांना केवळ कुंपणाबाहेर ठेवून सर्वत्र रान टिकणार नाही; कापून नेण्याच्या चाऱ्याचा हक्क, राखणीचा रोजगार आणि निर्णयात वाटा दिला तर तीच गावे रानाची राखणदार होतील. ज्या मजुरांनी वर्षानुवर्षे दगड फोडला आणि ज्यांच्या फुप्फुसांत त्याची धूळ साठून सिलिकोसिससारखे आजार झाले, त्यांना बंधारे, रोपवाटिका आणि बीजसंकलन यांच्या कामात पहिला हक्क मिळावा, आणि खनिज निधीतून त्यांच्या आरोग्याची नियमित तपासणी व्हावी.

सहावी मागणी अशी की, सर्वच जुन्या खाणी बुजवून सपाट करण्याचा आग्रह धरू नये. उभ्या कड्यांच्या कपारींत घुबडे घरटी करतात, आणि पाणी साठलेल्या खड्ड्यांभोवती बेडूक, चतुर आणि पाणपक्षी यांचे नवे जग निर्माण होते. अशा जागा सुरक्षित कुंपण घालून तशाच ठेवणे शहाणपणाचे आहे. मात्र जेथे माणसे व मुले बुडण्याचा धोका आहे तेथे उतार सौम्य करणे हे प्रथम कर्तव्य आहे. आणि शेवटची मागणी अशी की, काही डोंगर खाणीसाठी मुळीच खुले करू नयेत: शैलाश्रय असलेले वालुकाश्म, झऱ्यांचे आणि नद्यांच्या उगमांचे माथे, वाघांच्या ये-जा करण्याच्या वाटा, आणि मातीचा थर इतका पातळ असलेली पठारे की जेथे तो गेल्यावर भोजपूरच्या फरशीसारखा उघडा खडकच उरेल.

मध्य प्रदेशात देशातील सर्वाधिक, सत्त्याहत्तर हजार चौरस किलोमीटरांहून अधिक, वनाच्छादन आहे, आणि म्हणून या राज्याने घेतलेल्या निर्णयाकडे इतर राज्ये पाहतात; विंध्य आणि सातपुडा यांच्या पलीकडे महाराष्ट्रातही हेच प्रश्न याच रूपात उभे आहेत. संयुक्त राष्ट्रांनी २०२१ ते २०३० हे दशक परिसंस्थांच्या पुनरुज्जीवनाचे म्हणून घोषित केले आहे, आणि त्याचा बराच काळ उलटून गेला आहे. उरलेल्या काळात शासनाने भोपाळ, रायसेन आणि सिहोर या तीन जिल्ह्यांतील सर्व बंद व चालू दगडखाणींची एकत्रित यादी जाहीर करावी, त्यांतील कोणत्या जागा स्वतः सावरू शकतात, कोणत्यांना मदत लागेल आणि कोणत्या कायमच्या गेल्या याची वर्गवारी करावी, आणि येत्या पावसाळ्यापूर्वी मातीविषयीची पहिली अट गौण खनिज नियमांत समाविष्ट करावी. निसर्गाची उभारी हा खाणकामाचा परवाना नव्हे. ती एक मर्यादित शिल्लक आहे, आणि तिचा हिशेब ठेवण्याचे दायित्व ज्यांच्या सहीने डोंगर फोडला जातो त्यांच्यावरच येते. ते दायित्व शासन स्वीकारील, या विश्वासाने हे पत्र सादर केले जात आहे.

भवदीय,
भोपाळमधील एक मराठीभाषक नागरिक